शांते, मी मधूनच उठले होते

शांते, परवा तुझ्या दहाव्याला मी मोठ्यानं हसले. लोकांना वाटलं, रडतेय. पुढच्या रांगेतली एक बाई पाण्याची बाटली घेऊन मागं आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मी पदर तोंडाशी धरला आणि तिला फिरवू दिला.

कारण ऐकलंस तर तूही हसशील. तुमच्या गल्लीतला पुढारी माईक घेऊन उभा होता. त्यानं तुला आयुष्यात दोनदा पाहिलं असेल, त्यातलं एकदा मतदानाच्या दिवशी. तो म्हणाला, "शांताबाई म्हणजे अत्यंत सोज्वळ आणि मितभाषी व्यक्तिमत्त्व. त्यांच्या तोंडून कधी कुणी वावगा शब्द ऐकला नाही." माझ्या शेजारी तुझ्या भिंगारच्या चार शेजारणी बसल्या होत्या. चौघींनी एकदम खाली बघितलं. एकीचे खांदे हलायला लागले. मग माझ्याच्यानं राहवलं नाही.

त्याआधी पिंडाला कावळा लगेच शिवला होता. सगळे म्हणाले, म्हातारी तृप्त गेली, काही इच्छा राहिली नव्हती. कावळ्याला काय कळतंय. तुझी एक इच्छा राहिली होती आणि ती माझ्यामुळं राहिली. मी तुला नको म्हणाले होते. का म्हणाले, ते तुला कधी धड सांगितलं नाही, आणि तू मला काय सांगत होतीस तेही ऐकून घेतलं नाही. ते आता लिहितेय. शाळा माझी चौथीपर्यंतची. चुका होतील, त्या तू काढायचीसच.

मी लग्न होऊन पुणतांब्याला आले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि मी सोळा. नणंद म्हणून तुझा मान ठेवायचा असं मला माहेरी शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी तू माझ्यासमोर उकिडवी बसलीस, मला खालून वर बघितलंस आणि विचारलंस, "वैनी, तुझं नाक असं का? पडली व्हतीस का?" तेव्हापासून मी तुला मान दिला नाही आणि तू मागितलाही नाहीस.

तोंड तुझं आधीपासूनच तसलं. पुढं तुझं लग्न झालं, तू भिंगारला गेलीस, तुझे मालक लष्कराच्या वर्कशॉपात फिटर. पण लग्नसराई आली की तुला नगरपासून कोपरगावपर्यंत बोलावणी असायची, रुखवतापुढं बोलायला. आताच्या पोरींना सांगावं लागतं म्हणून लिहिते. मुलीकडच्या बायका लाडू, करंज्या, साखरेची चित्रं मांडून रुखवत आणायच्या आणि त्याच्यापुढं दोन्हीकडच्या बायका उभ्या राहून एकमेकींच्या अब्रूची लक्तरं काढायच्या, गाण्यातून आणि उखाण्यातून. पुरुष लांब पंगतीत. तुझा एक मला अजून पाठ आहे.

"रुखवतात ठेवला साखरेचा घोडा,
विहीणबाईच्या मालकाला सांगा, दम धरा थोडा,
सांजच्याला चढतो म्हणं गडी लई जोशात,
पायरीवरच घसरतो, मग येतो होशात."

ती विहीण काही कमी नव्हती. तिनं तुझ्या अख्ख्या घराण्याचं माप काढलं. आणि शेवटी दोघींनी एकमेकींच्या तोंडात लाडू कोंबला. नियमच होता तो. रुखवतापुढं बोललेलं रुखवतापुढंच ठेवायचं. मांडवाबाहेर जाऊन जी रागावली ती हलकी.

पुढं ते सगळं गेलं. रुखवत थर्माकोलचं झालं, ते टेम्पोतून येतं. डीजे लागला की उखाणा म्हणणारीचं तिलाच ऐकू येत नाही. वीसेक वर्षं तुला कुणी बोलावलं नाही. तुझे मालक गेले. तू तोंड मिटून बसली होतीस असं नाही, पण भाजीवाल्यापुरतंच राहिलं होतं.

मग तुझ्या नातीनं, मयुरीनं, तुला तिचा जुना मोबाईल दिला.

आम्ही पुढं पुणतांबा सोडून नगरला केडगावात राहायला आलो होतो. मी दर गुरुवारी तिथनं रिक्षा करून भिंगारला यायचे. घरी सांगायचे, गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाते. डॉक्टरकडे महिन्यातून एकदा जायचे, बाकीचे गुरुवार तुझ्याकडे. तुझ्या कॉटवर दोघी भिंतीला टेकून बसायचो, मिसरीची डबी मध्ये, मोबाईल उशीला टेकवलेला. पहिल्यांदा तू ते लावलंस तेव्हा मला वाटलं, भाषण आहे. जीनची पँट घातलेली एक पोरगी माईक धरून एकटीच उभी. ती म्हणाली, आमच्या घरात माझी ब्रा टॉवेलखाली वाळते आणि बापाची फाटकी चड्डी गच्चीवर झेंड्यासारखी फडकते. लोक हसले. तू एवढी हसलीस की मिसरी नाकात गेली.

मी म्हणाले, "बंद कर. आईबापानं हेच शिकवलं का हिला."

तू म्हणालीस, "तुझा परकर कुठं वाळतो, वैनी?"

माझा परकर पन्नास वर्षं साडीखाली वाळला. म्हणून पुढचंही बघितलं.

मग सवयच लागली. एक जण होता, त्याच्या मूळव्याधीच्या ऑपरेशनचं सांगायचा, नर्स ओळखीची निघाली ते. एक बाई होती, नवऱ्याला नको असलं की तो कसा झोपेचं सोंग घेतो आणि तिला नको असलं की तिला कसं मरणाचं सोंग घ्यावं लागतं, ते सांगायची. तिला तर आपण तीन वेळा बघितलं. नुसत्या घाण शब्दांचं मला हसू येत नाही, तुला ठाऊक आहे. शिव्या मी आयुष्यभर फुकट ऐकल्या, त्यासाठी मोबाईल कशाला. असले बरेच होते, आई-बहिणीवरून बोलायचे आणि स्वतःच हसायचे. त्यांना तू अंगठ्यानं वर ढकलून द्यायचीस. म्हणायचीस, "ह्याच्याकडं सांगायला काय न्हाई. नुसता वास हाय."

पण एखादी पोरगी स्वतःची लाज उचलून सगळ्यांसमोर ठेवायची, तेव्हा आत काहीतरी सैल व्हायचं. मी एकदा तुला विचारलं की हे आपल्याला का आवडतंय, आपलं वय काय. तू थोडा वेळ दात घासलेस आणि म्हणालीस, "वैनी, मला वाटायचं ही घाण माज्याच घरात हाय. आता ही पोरगी सांगती आन दोनशे मानसं हसत्यात. हसत्यात म्हंजी काय? व्हय म्हनत्यात. आमच्याबी घरात हाय म्हनत्यात."

ते मला पटलं. खरं सांगायचं तर मला ते दुसऱ्याच्या घरापुरतं पटलं. हे मला तेव्हा कळलं नाही, सावेडीला कळलं.

मयुरी पुण्याला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी हेच करते, माईकवर बोलते, हे तू आधी माझ्यापासून लपवलंस. नंतर सांगितलंस ते एकदम असं, "रविवारी सावेडीला मयुरीचा कार्यक्रम हाय. मीबी बोलनार हाय. चल." मला वाटलं, आभार मानणार असशील.

हॉटेलाच्या वरच्या मजल्यावर पन्नास-साठ खुर्च्या. संध्याकाळचे पाच. सगळी पोरं विशी-पंचविशीची, आपण दोघीच नऊवारीत. मयुरी बोलली, चांगलं बोलली. मग तिनं तुझं नाव घेतलं आणि तू पदर खोचून वर गेलीस. माईक उंच होता, तो तू खाली ओढलास, तो करकरला. तू त्याला म्हणालीस, "तुलाबी संधिवात हाय व्हय?" तिथूनच लोक हसायला लागले.

तू म्हणालीस, "माजं वय अडुसष्ट. गर्भाची पिशवी काढल्याली हाय, पित्ताची पिशवी काढल्याली हाय. आता बाजाराची तेवडी पिशवी राहिली."

मग तुझ्या मालकांवर आलीस. "आमचे हे मिलिटरीच्या वर्कशॉपात. दिवसभर बंद पडलेल्या गाड्या चालू करायचे. घरी आले की म्हनायचे, आज लई दमलो. मी म्हनायची, अवो, एक गाडी हितंबी उभी हाय की." पोरं टाळ्या वाजवायला लागली. माझ्या शेजारी एक दाढीवाला पोरगा होता, त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मीही हसत होते, शांते. मला अभिमान वाटत होता. हे मी तुला सांगितलं नाही.

आणि मग तू म्हणालीस, "आमच्या भाऊचं लगीन झालं तवा मी नऊ वर्सांची."

भाऊ म्हणजे तुझा भाऊ, माझा नवरा. त्याला जाऊन बारा वर्षं झाली. कारखान्यात कारकून होता, गावात शब्दाला मान होता. अजून लोक मला म्हणतात, देवमाणूस होते.

तू म्हणालीस, "घर दोन खोल्यांचं. आत नवरानवरी, भायेर मी आन आई. भाऊनं नवा ट्रान्झिस्टर आनला व्हता. रातच्या बातम्या लागल्या की भाऊ आवाज मोठा करायचा. का, तर आतला आवाज भायेर जाऊ नये. पन तुमाला सांगते, ठळक बातम्या संपायच्या आत भाऊ घोरायला लागायचा. सविस्तर बातम्या वैनी एकलीच ऐकायची."

अशा हसण्याचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. खुर्च्या हलत होत्या. आणि तू माझ्याकडे बोट केलंस. "ही बगा, हितंच बसलीय माजी वैनी. त्या टायमाला कुठल्या देशात कुनाचं राज्य गेलं, समदं हिला तोंडपाठ." सगळी पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली. कुणी वाईट नजरेनं बघत नव्हतं. एका पोरीनं तर हात जोडले.

मी उठले आणि जिना उतरले.

लोकांना वाटलं असेल, बिछान्यावरचा विनोद म्हातारीला झोंबला. तुलाही तसंच वाटलं असेल का, मला माहीत नाही. तो नव्हता झोंबला. तो खराच होता आणि चांगला होता. मी उठले ते पुढचं ठाऊक होतं म्हणून. तो रेडिओ आणखी एका कारणासाठी मोठा व्हायचा. तेव्हा बातम्यांची वेळ असायचीच असं नाही. तुझा भाऊ मला मारायचा तेव्हाही आधी रेडिओची कळ फिरवायचा. हे मी माझ्या आईला सांगितलं नाही, पोरांना सांगितलं नाही. तुला ठाऊक असेल असं मला कधी वाटायचं, कधी नाही. तुझं तोंड त्या बाजूला वळलेलं मला दिसलं आणि माझे पाय आपोआप उठले.

खाली पानटपरीच्या कडेला उभी राहिले. वरचं हसणं ऐकू येत होतं. मग ते एकदम थांबलं. तेव्हा मला कळलं की तू बोललीस. मी रिक्षा केली.

तीन दिवसांनी तू केडगावला आलीस. दारातच बसलीस, आत आली नाहीस.

"रागावलीस?"

"न्हाई."

"मग च्या का टाकीना?"

"गॅस संपलाय."

"कुकरची शिट्टी कुनाच्या घरात वाजती मग?"

मी चहा टाकला. तू बशीत ओतून प्यालीस आणि म्हणालीस, "रुखवतापुढचं रुखवतापुढं ठेवावं, वैनी. मांडवाबाहेर आनू नये."

मी म्हणाले, "रुखवतापुढं दोन्हीकडच्या बाया बोलतात. तू एक हाणायचीस, समोरची दोन हाणायची. हितं माईक एकटीकडं. मला कुठं बोलायला मिळालं?"

"तू उठून गेलीस."

"माझी गोष्ट तू का सांगावी, ते सांग आधी."

तू बशी खाली ठेवलीस. म्हणालीस, "माजीबी हाय ती. मीबी त्याच घरात व्हते. भिताडाच्या ह्या अंगाला."

मी कुकर उतरवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा तू विचारलंस, "शेवट ऐकलास का?"

"न्हाई. आन ऐकायचाबी न्हाई."

मग तू खरं काम काढलंस. पुण्याला मोठा कार्यक्रम होता, नुसत्या बायकांचा, तुला दहा मिनिटं दिली होती. "त्यात रेडिओचं घेनार हाय. पन तू हो म्हन. तू न्हाई म्हनलीस तर मी जायची न्हाई."

"गाडीचं सांग. पिशवीचं सांग. तेवढं पुरतं की."

"न्हाई पुरत," तू म्हणालीस. "ते सांगायसाठी तर बाकीचं सांगते."

मी नको म्हणाले.

"बरं," म्हणालीस. पायातली चप्पल नीट केलीस आणि गेलीस. मला वाटलं होतं, भांडशील. तू आयुष्यात कधी एका शब्दावर गप्प बसली नव्हतीस. त्या दिवशी बसलीस आणि मी ते जिंकल्यासारखं घेतलं.

पुण्याला तू गेली नाहीस. गुरुवार मात्र चुकले नाहीत. मी येत होते, कॉटवर बसत होते, डबी मध्ये असायची. पण मोबाईलवर तू स्वयंपाकाचं लावायला लागलीस. कुणीतरी बाई रव्याचे लाडू करून दाखवायची, पाक किती तारी ते सांगायची. आपण दोघींनी मिळून आयुष्यात दोन पोती रवा भाजला असेल, आणि आपण ते बघत बसायचो. मी एकदा म्हणाले, "ती झोपेच्या सोंगाची लाव की." तू म्हणालीस, "नेट चालंना." त्याच मोबाईलवर लाडू चालत होते. असे चार महिने गेले.

एका मंगळवारी सकाळी तू भाकरी थापता थापता बसलीस आणि तशीच गेलीस. तव्यावरची भाकरी जळली, त्या वासानं शेजारीण आली. गुरुवारपर्यंत थांबली नाहीस.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मयुरी केडगावला आली. पोरगी तुझ्यासारखी नाही, आधी पाया पडते, मग बोलते. तिच्या मोबाईलमध्ये सावेडीचा तो कार्यक्रम होता. ती म्हणाली, "आजी, हे मी कुणालाच दाखवलं नाही. तिनं बजावलं होतं, वैनी हो म्हणेपर्यंत कुणाला दाखवायचं नाही. आता तुम्ही सांगाल तसं. पुसून टाकायचं असेल तर तुमच्यासमोर पुसते."

मी म्हणाले, "आधी बघते."

"सगळं?"

"मी गेले तिथनं पुढं."

तिनं बरोबर तिथं आणून दिलं. माझी खुर्ची रिकामी झालेली दिसत नव्हती, पण तुझी नजर माझ्या मागोमाग दारापर्यंत जाताना दिसली. लोक अजून हसत होते. तू ते संपू दिलंस. मग म्हणालीस, "गेली. बरं केलं. मी तिच्या जागी असते तर पायतान घिऊन वर आले असते." पुन्हा हसले. आणि तू माईक दोन्ही हातांनी धरलास.

"कदी कदी बातम्या नसतानाबी रेडिओ मोटा व्हायचा. गानी असायची, शेतीचा कार्यक्रम असायचा. तवा भाऊ वैनीला मारायचा. आई मला कुशीत दाबायची आन म्हनायची, झोप, गानं हाय. मी गानं ऐकायची. मला तवा मुतायला लागायचं. उठायचं भ्या वाटायचं, म्हनून दाबून धरायची. आजबी कुटं रेडिओ मोटा लागला की मला मुतायला लागतंय." थोडी थांबलीस. "फरक येवडाच, तवा धरवत व्हतं."

शांते, लोक हसले. एकदम नाही हसले. आधी एक बाई हसली, मग तिला फुटलेलं हसू सगळीकडं पसरलं, आणि त्या हसण्यात नाक ओढल्याचे आवाज होते. मीही हसले. मयुरी माझ्याकडे बघत होती आणि मी हसत होते, कारण मलाही आता धरवत नाही, आणि कारण साठ वर्षांत त्या रात्रींवर हसता येईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, तू ते सांगितलंस तर मी उघडी पडेन. तिथं मी नव्हतेच उघडी. तिथं एक नऊ वर्षांची पोर अंथरुणात पाय आवळून पडली होती. तिचा मी कधी विचारच केला नव्हता.

आता मला सकाळचं पाणी आठवतं. रात्री तसं झालं की दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत मोरीपाशी पाणी भरलेलं असायचं. हंडा तुझ्याच्यानं उचलायचा नाही. तू लहान कळशीनं खेपा घालायचीस, तुझा परकर गुडघ्यापर्यंत भिजलेला असायचा. मला वाटायचं, सासूबाईंनी सांगितलं असेल. सासूबाई कशाला सांगतील. पुढं किती लोकांनी माझ्यासाठी किती काय केलं, पण त्या पाण्याएवढं मोलाचं मला काही आठवत नाही, आणि त्याबद्दल मी तुला कधी बरं केलंस म्हटलेलंही आठवत नाही. आता म्हणते.

तुझा भाऊ पुढं निवळला. त्याचं शेवटचं सगळं मीच केलं, ते तू पाहिलंस. त्याला देवमाणूस म्हणणाऱ्याला मी कधी अडवलं नाही. पण दहाव्याला तुला कुणी मितभाषी म्हणालं आणि मला हसू आलं, आणि त्याच्या दहाव्याला त्याला शांत स्वभावाचा म्हणाले होते तेव्हा मी मान हलवली होती. यातलं दुसरं आता मला खुपतं. खोटं बोलून माणसाला मोठं करता येतं, पण मग तो कुणाचाच राहत नाही. तू मला हेच सांगत होतीस बहुतेक, तुझ्या भाषेत.

मयुरीला म्हणाले, "पुसू नकोस. लोकांना दाखव. आन नुसतं वैनी नको, माझं नाव घाल. यमुना."

तिनं विचारलं, "नक्की, आजी?"

"एकदाच सांगते."

ती रडायला लागली. मी तिला चहा टाकायला सांगितलं, म्हणजे हाताला काम मिळेल.

पण मी तिला मोबाईल पुन्हा सुरू करायला लावला, कारण तुझं अजून संपलं नव्हतं. हसणं ओसरल्यावर तू खाली बघून बोललीस, बाकीच्यापेक्षा हळू. "मी घरातली लाडाची. भाऊ माज्यावर कदी हात उचलायचा न्हाई. मी आत गेले असते तर तो थांबला असता. दार नुसतं पुडं केलेलं असायचं. ढकलायचं व्हतं. मी ढकललं न्हाई. वैनीला येवडंच सांगायचं व्हतं, ती गेली. बास." आणि तू माईक त्या दांड्याला अडकवायला गेलीस, तो अडकेना, तो तसाच खुर्चीवर ठेवलास आणि खाली उतरलीस. टाळ्या वाजत होत्या. तू बघितलंही नाहीस.

हे तुला पुण्याला पुन्हा सांगायचं होतं. तू मला समोर बसवून सांगणार होतीस, आणि म्हणून माझा होकार मागत होतीस.

शांते, तू चुकीचं सांगितलंस. साठ वर्षं तू चुकीचं धरून बसलीस. दार पुढं केलेलं नसायचं. त्याचा हात रेडिओकडे गेला की माझा कडीकडे जायचा. तुझ्या भावानं कधी लावली नाही, दर वेळी मीच लावायचे, कारण तू उठून आत येशील याची मला मारापेक्षा जास्त भीती वाटायची. तू सगळा जोर लावून ढकललं असतंस तरी ते उघडलं नसतं. त्या दिवशी मी खुर्चीवर बसून राहिले असते, तर तिथंच उभी राहून, त्या सगळ्या पोरांसमोर, माईक नसतानाही तुला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले असते, शांते, कडी आतून होती.